दोघांसाठी घेतलेला बंगला

माझ्या वडिलांचा म्हाळ मी एकदा जंगलात घातला आणि त्याला एकही कावळा आला नाही.

हे मी ज्याला ज्याला सांगितलं तो आधी हसला. तुम्हीही हसा, माझी काही हरकत नाही. वीस वर्षं मी स्वतःच ही गोष्ट मांडीवर थाप मारून सांगत होतो. अलीकडे शेवटाशी आलो की मांडीवरची थाप राहून जाते, एवढंच.

तेव्हा मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका कारखान्यात हजेरी लिहायच्या कामावर होतो. लग्नाला सात वर्षं झाली होती. घरात आई, मी, माझी बायको सुमन, चार वर्षांचा विलास आणि तालमीत जाणारे माझे दोन धाकटे भाऊ. (तालमीत जाणारा माणूस एक असला तरी जेवणाच्या बाबतीत तो तीन धरायचा असतो. म्हणजे बघा.) पहाटे पाचला पेटलेली चूल दुपारी दोनला जरा निवायची आणि चारला परत पेटायची. ती पेटवणारी आणि निववणारी एकटी सुमन.

सुमन कुरुंदवाडची. बोलायला कमी. सात वर्षांत तिनं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं, साधं लुगडंसुद्धा नाही. आणि एक दिवस भाकरी थापता थापता, तव्याकडं बघत म्हणाली,

"अवो, शिवणाच्या बाई सांगत हुत्या. राधानगरीच्या पल्याड जंगलात एक सरकारी बंगला हाय म्हणं."

"हाय की. मग?"

"तिथं व्हरांड्यात ढग येत्यात. वाचमन च्या आणून देतो हातात."

"बरं, मग?"

"मला एकदा तिथं न्या. दोघंच."

"आणि काय करणार तिथं जाऊन?"

"बसणार."

"नुसतं?"

"नुसतं. दुसऱ्यानं केलेला च्या प्यायचा आणि बसायचं." एवढं बोलून तिनं भाकरी उलटली. बोट भाजलं असावं, कारण ते तोंडात घातलं.

खरं सांगतो, मला भडभडून आलं. त्याच भाकरीवर हात ठेवून मी शब्द दिला की न्हेणार म्हणजे न्हेणार!

आता आमचा स्वभाव चिकट. म्हणजे न्यायचं तर आहे, पण स्वस्तात न्यायचं आहे. मी जंगलखात्याच्या कचेरीत चार खेपा घातल्या. तिथल्या कारकुनाला तंबाखू देऊन विचारलं, "सायेब, सगळ्यात सवंग कधी पडंल?" तो म्हणाला, "गणपती गेल्यावर जो पंधरवडा येतो ना, त्या वक्ताला तिकडं कुत्रं फिरकत न्हाई. सवलतीत देतो. शिधा तुमचा तुम्ही न्या, सयपाक वाचमन करतो." मी जागच्या जागी अर्ज भरला. दोन दिवस, दोन माणसं. चौथ्या दिवशी शिक्का मारलेलं परवानगीचं पत्र हातात! खाली लाल शाईत लिहिलेलं की तारीख बदलून मिळणार नाही.

त्या पंधरवड्यात तिकडं कुत्रं का फिरकत नाही, हा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता. मला पडला नाही. पत्र आईला दाखवलं. आईनं पत्राकडं बघितलंच नाही, ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडं गेली.

"बापू, ह्यो पितृपंधरवडा हाय."

"आसंना का. आपण कुठं लग्न लावायला निघालोय?"

"आणि दुसऱ्या दिवशी कुणाची तिथ हाय?"

मी डोकं खाजवलं.

"तुझ्या बाची हाय, मुडद्या!"

आबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. थोरला मुलगा मी. म्हाळ घालायचा मी. आणि त्याच दिवशी मी बायकोला घेऊन ढग बघायला निघालेला! आईनं पदर डोळ्याला लावला. सुमन दारामागं उभी होती, ती हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मग. पुन्यांदा कवातरी जाऊ." इथं मी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण पत्र वाया जाणार हे मला सोसेना आणि मी तो अजरामर तोडगा काढला.

"आई, आबांचा म्हाळ तिथंच घालू की! बंगला हाय, चूल हाय, वाचमन हाय. तूबी चल."

आई चालली म्हटल्यावर विलास आला. विलास आला म्हटल्यावर भाऊ घरी उपाशी कसे राहणार, ते आले. म्हाळाला लेक-जावई पाहिजेतच, म्हणून मुरगूडला सांगावा गेला. तिथनं आक्का, आमचे दाजी, त्यांची तीन पोरं आणि दाजींची म्हातारी आत्या, असं सगळं दोन दिवस आधीच येऊन दाखल झालं.

इथवरसुद्धा ठीक होतं. पण आमच्याकडं एक रीत आहे. जेवत असताना दारावरून कुणी गेलं की "या जेवायला" म्हणायचं. त्यानं "होऊ द्या" म्हणायचं आणि पुढं जायचं. कुठं निघालात विचारलं तर ठिकाण सांगून वर "चला की!" म्हणायचं, आणि समोरच्यानं "तुमी या जाऊन" म्हणायचं. अख्खं कोल्हापूर यावर चाललंय. माझ्या तोंडात तर ते "चला की" कायम तयारच असायचं.

समोरच्या बोळातला दस्तगीर माझा लहानपणापासूनचा दोस्त. गुळाच्या ट्रकवर ड्रायव्हर. त्यानं विचारलं, "बापू, कसली गडबड?" मी सांगितलं आणि सवयीनं म्हटलं, "चला की!"

दस्तगीरनं "तुमी या जाऊन" म्हणायला पाहिजे होतं. तो म्हणाला, "चला! मालक गावाला गेलाय, ट्रक मोकळाच हाय. माणसं किती हैत?"

एवढा मोठा ट्रक फुकट मिळाला म्हटल्यावर तो रिकामा न्यायचा? मला चैन पडेना. मग मी मनापासूनच सगळ्यांना "चला की" म्हणत सुटलो. निघायच्या दिवशी ट्रकमध्ये एकोणीस माणसं, दोन घागरी, परात, कढई, सरपणाची मोळी आणि पाटा-वरवंटा. पाट्यावरनं माझं आक्काशी भांडणच झालं.

"अगं, सह्याद्रीत चाललोय आपण. तिथं दगड न्हाईत का?"

"वड्याची डाळ घरच्या पाट्यावरच वाटायची. आबांस्नी दुसरी चालायची न्हाई."

सुमन ट्रकच्या अगदी मागं, फळकुटाला टेकून, पाट्यावर बसली होती. मी लांबून हात करून "बरं हाय का?" विचारलं. तिनं मान हलवली. तिच्या मांडीवर एक पिशवी होती. पुढं कळलं, त्यात तिनं नवीन दोन कपबशा आणल्या होत्या. फक्त दोन.

बंगला मात्र झकास होता, नाव ठेवायला जागा नाही! चहूकडं झाडी, इतकी दाट की दुपारचं ऊनसुद्धा खाली येताना विचार करत होतं. कौलावर शेवाळ, पागोळ्या ठिबकतायत, आणि व्हरांड्यात दोन वेताच्या खुर्च्या. दोनच. त्या बघून सुमन हसली. लग्नानंतर ती अशी हसलेली मला आठवत नाही. ती पायरी चढणार एवढ्यात आई एका खुर्चीत बसली आणि दाजी दुसरीत. आणि सांगतो तुम्हाला, जेवायची-झोपायची वेळ सोडली तर दोन दिवस दोघं तिथनं हलली नाहीत! दाजी तर खुर्चीत बसून पायाच्या जळवा काढायचे आणि एकेक मोजायचे, "सतरा... अठरा... ह्यो जळवांचा बाप दिसतोय."

वॉचमन धोंडीबा हात जोडून आला. "पावणं, सयपाकाचं काय करू?"

आई म्हणाली, "म्हाळाचा सयपाक घरच्या सुनंनं करायचा आसतोय. तुमी बसा निवांत."

धोंडीबा बसला. नोकरीला लागल्यापासून त्याला "बसा" म्हणणारं हे पहिलंच गिऱ्हाईक असावं. तो भिंतीला टेकून असा बसला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचाही चहा सुमननंच केला आणि नेऊन हातात दिला! कप अर्थातच त्या दोन नव्यांतला.

म्हाळाच्या दिवशी तिनं काय काय केलं ते सांगतो. खीर, वडे, भजी, आळूची भाजी, गवारी, भोपळा, आमटी, कढी, भात. एकोणीस माणसांचं. ओल्या लाकडांवर. मागच्या पडवीत धूर एवढा की आत ती आहे का नाही ते फक्त खोकल्यावरनं कळायचं. बारा वाजता पान वाढून तयार झालं. मी ते बाहेर फरशीवर ठेवलं, पाणी फिरवलं, हात जोडले आणि ओरडलो, "काऽव काऽव!"

जंगल गप्प.

कावळ्यानं पानाला चोच लावल्याशिवाय आमच्याकडं कुणी जेवत नाही. कोल्हापुरात ही अडचण कधी आली नव्हती. तिथं पान ठेवायच्या आधीच कावळे रांगेत. (आबा जिवंतपणीही पंगतीला पहिलेच असायचे.) इथं एक वाजला, दीड वाजला. भाऊ पोटावर हात दाबून "काव काव" करायला लागले. तालमीतला आवाज तो! झाडावरची होती नव्हती ती पाखरंसुद्धा उडून गेली.

"आबांची कायतरी इच्छा राहिलीया," दाजींची आत्या म्हणाली.

झालं! मग एकेकानं आबांना शब्द द्यायला सुरुवात केली. दाजी खुर्चीतूनच म्हणाले, "मामा, आजपासनं तंबाखू बंद!" (तंबाखू तोंडात होती.) धाकट्या भावानं मॅट्रिकला बसायचं कबूल केलं. दस्तगीर पुढं झाला, "आबा, तुमचं घमेलं मी न्हेलंतं ते परत आणून देतो. माफ करा." आई म्हणाली, "घमेलं तू न्हेलतास व्हय रं? मी तीन वर्सं शेजारणीशी बोलंना झाले!" तिथं एक वेगळंच भांडण उभं राहिलं. मी गुडघे टेकून कबूल केलं की आबांची सायकल मी गुपचूप विकली. कावळा नाही.

अडीच वाजता सुमन बाहेर आली. डोळे लाल, कपाळावर काजळी, हातात पळी. तिनं पानाकडं बघितलं, आमच्या सगळ्यांकडं बघितलं आणि म्हणाली,

"आबांची काय इच्छा राहिली नसंल. खाऊन-पिऊन तृप्त होऊन गेल्यात ते. दुसऱ्याच कुणाची तरी राहिली आसंल."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.

तेवढ्यात भिंतीला टेकलेला धोंडीबा म्हणाला, "कावळ्याची वाट बघतायसा व्हय? हितं कावळं न्हाईत, पावणं. कावळा माणसांच्या वस्तीतला. खाली गावात हैत, सात मैलावर."

"मग आधी का सांगितलं न्हाईस रं?"

"तुमी 'बसा' म्हणालासा."

मग काय, आबांचं पान मांडीवर घेऊन मी ट्रकमध्ये बसलो, वर छत्री धरली आणि दस्तगीरनं घाटातनं ट्रक सोडला. प्रत्येक वळणाला कढी माझ्या धोतरावर. गावात पोचलो तर काय, प्रत्येक कौलावर कावळे! माझा जीव भांड्यात पडला. पान ठेवलं, ओरडलो. एक हलेना. गावात त्या दिवशी पाच घरी म्हाळ होता, कावळे सकाळपासनं जेवून सुस्त पडले होते! एक म्हातारी म्हणाली, "उद्या सकाळी या बाबा, आज त्येंची पोटं फुटल्याती." तास दीड तास आम्ही या आळीतनं त्या आळीत पान घेऊन फिरलो. शेवटी एक लंगडा कावळा आला आणि त्यानं खिरीला चोच लावली. मनापासून नाही, आपली भिडेखातर. दस्तगीरनं मला मिठी मारली.

परत आलो तेव्हा दिवस मावळतीला आला होता. पोरांनी कळ काढली नव्हती आणि त्यांच्या नावानं मोठ्यांनीही आटपून घेतलं होतं. सगळी आत आडवी झाली होती. व्हरांडा मोकळा. आणि त्या दोन खुर्च्यांपैकी एकीत सुमन बसली होती.

दरीतनं ढग वर येत होता. खरंच येत होता हो! आधी समोरची झाडं गेली, मग पायऱ्या गेल्या, मग तो आत व्हरांड्यात शिरला. सुमननं हात पुढं करून बोटं हलवली, जणू हाताला काही लागतंय का बघत होती. मला बघून म्हणाली, "आलासा? बसा की." दुसऱ्या खुर्चीकडं बोट दाखवलं.

मी बसणार होतो. देवाशपथ बसणार होतो. तेवढ्यात आतनं आईचा आवाज आला, "बापू आला व्हय? सुमन, सगळ्यास्नी च्या टाक गं!"

सुमननं माझ्याकडं बघितलं. तिचं बघणं एवढंच होतं की आता तुम्ही काय म्हणताय. "आई, धोंडीबा करंल" एवढं मी म्हणायचं होतं, फार नाही. आणि मी काय म्हणालो?

"टाक की. मलाबी घोटभर घे. पाक भिजलोय."

आई नव्हे, दाजी नव्हे, हे मी बोललो. ती उठली. त्या खुर्चीत ती दोन मिनिटं बसली असेल, तीन म्हणायला जीभ रेटत नाही.

त्यानंतर मी तिला न्यायचं दरवर्षी ठरवलं. "सुमे, यंदा नक्की. दोघंच." ती पीठ मळत म्हणायची, "होऊ द्या." पुढच्या वर्षी भावाचं लग्न. "होऊ द्या." मग आईचं आजारपण, मग विलासचं कॉलेज. "होऊ द्या की, मी कुठं न्हाई म्हणतीया?" 'या जेवायला' म्हटल्यावर रस्त्यावरनं जाणारा माणूस जसं म्हणतो ना, तसं. त्यालाही ठाऊक असतं की बोलावणं खरं नाही. मला हे कळायला वीस वर्षं लागली आणि तोवर तिचा खोकला छातीत उतरला होता. डॉक्टर म्हणाले, धुरानं. दवाखान्यात शेवटी शेवटी वॉर्डातली आया तिला चहा आणून द्यायची. पहिल्यांदा दिला तेव्हा सुमन माझ्याकडं बघून हसली आणि म्हणाली, "बघा, मिळाला का न्हाई दुसऱ्याच्या हातचा?" मी बाहेर जाऊन भिंतीला डोकं लावून रडलो.

तिचा दहावा पंचगंगेच्या घाटावर झाला. तिथं कावळ्यांना काय तोटा? पिंपळावर शंभर असतील. विलासनं पिंड ठेवला आणि सगळे मागं सरकलो. एक कावळा खाली येईना. नुसते बघत बसले. कुजबुज सुरू झाली. विलास म्हणाला, "आई, मी बाबांना नीट सांभाळीन." नाही. आक्का म्हणाली, "वैनी, विलासचं लग्न मी लावून देते." नाही. दाजींनी पुन्हा एकदा तंबाखू सोडली. नाहीच.

मला ठाऊक होतं. तिथं फक्त मलाच ठाऊक होतं. मी पुढं झालो, हात जोडले. टोपी सारखी केली.

"सुमे," म्हटलं, "जाऊया. दोघंच. गल्लीत कुणाला सांगत न्हाई. आणि च्या मी करतो."

'च्या मी करतो' म्हणालो मात्र, फडफड झाली, एक कावळा सरळ खाली उतरला, चोचीत भात घेतला आणि माझ्या डोक्यावरच्या फांदीवर जाऊन बसला! सगळ्यांनी सुस्कारा सोडला. विलास माझ्या गळ्यात पडला. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. दस्तगीर जवळ आला. त्याची दाढी पांढरी झाली होती, डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. माझा हात धरून म्हणाला, "कुठं जायचं म्हणालास बापू? गाडी काढू का?"

आणि मी डोळे पुसत, सवयीनं म्हणालो, "जंगलातल्या बंगल्यावर. चला की!"

टप्पकन काहीतरी माझ्या टोपीवर पडलं. हात लावून बघितलं, तर भात होता.